जिन्याची फाइल

दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात नांदणाऱ्या. थोरली बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होती. सगळे नकाशे तिच्या कॉम्प्युटरवर, मोठा प्रिंटरही तिच्याच खोलीत. "ताई, तेवढा नकाशा द्या ना," म्हटल्याशिवाय तिथे कुणाचं पान हलत नसे.

मग साहेबांनी त्याच कचेरीत नेटवर्कच्या कामावर धाकटीला नेमलं. तिने सगळे नकाशे सर्व्हरवर चढवले. आता जो तो आपल्या टेबलावरून फाइल उघडायचा. साइटवरचा इंजिनिअरसुद्धा तिकडूनच छापून घेई. थोरलीच्या खोलीकडे कुणी फिरकेना. घरी सासूबाई धाकटीचे गोडवे गायच्या, तेव्हा थोरलीच्या हातून भांडी जरा जोरातच आपटायची.

एकदा नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन आला. "ताई, फाइल तुमच्याकडे उघडी आहे. बंद केलीत तर मला बदल करता येतील."

सर्व्हरचा नियमच तसा होता. एकाने फाइल कामाला घेतली, की बाकीच्यांनी ती नुसती बघायची. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी दारात उभं होतं. थोरली सुखावली. मग ती मुद्दाम फाइली अडवून बसू लागली.

एके दिवशी जिन्याची फाइल तशीच उघडी टाकून ती घरी गेली. ड्राफ्ट्समनने जिन्याची बाजू बदलल्याची दुरुस्ती नाइलाजाने दुसऱ्या नावाच्या फाइलीत ठेवली, आणि साइटवर जुनाच नकाशा छापला गेला. सुतारांनी जिन्याचा साचा उलट्या बाजूला उभा केला. तो सगळा उकलावा लागला. साहेब खवळले.

फाइल कुणी अडवली, हे धाकटीला सर्व्हरवर स्वच्छ दिसत होतं. तरी ती म्हणाली, "चूक माझी, सर. अडकलेली फाइल आपोआप सुटायची सोय मी करायला हवी होती."

हे कानावर येताच थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हुशारीत ही पुढे होतीच, आता चांगुलपणातही! हिचे उपकार डोक्यावर घेऊन एका स्वयंपाकघरात वावरायचं? ती तडक केबिनमध्ये शिरली.

"साहेब, फाइल मी अडवली होती. जाणूनबुजून."

साहेब म्हणाले, "ज्यांनी तो साचा उकलला, त्यांची माफी मागून या."

ती गेली, उन्हात उभी राहून सुतारांची माफी मागून आली.

घरी धाकटी चिडली होती. "मी सांभाळून घेतलं होतं ना, ताई? मग कशाला सांगायला गेलात?"

"म्हणूनच गेले," थोरली म्हणाली. "एवढं तरी माझं मला करू दे."