दसऱ्यानंतर तो कुठं जातो

अक्काचं लग्न जमत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. नेरूळला आमची सोसायटी नुकतीच उभी राहिली होती, जिन्यात अजून चुन्याचा वास यायचा. बाबा सरकारी खात्यात कारकून होते आणि मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात नुकताच चिकटलो होतो. स्थळही तुर्भ्याचंच. मुलगा फिटर, पगार बरा, आमच्यासारखाच मराठवाड्यातून आलेला आणि आमच्याच समाजातला. वडील लहानपणीच वारलेले, आई गावी. शिरवण्यात एका आगरी कुटुंबाच्या चाळीत खोली घेऊन राहायचा. अक्काला तो आवडला होता. बाबांनाही आवडला होता, आणि म्हणूनच त्यांना शंका येत होती. इतकं सरळ स्थळ आपण होऊन चालत आलं म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं ते आईला म्हणायचे.

एका रविवारी ते शिरवण्याला जाऊन त्याच्या घरमालकाशी बोलून आले. चप्पल काढता काढताच म्हणाले, "दारू नाही, पत्ते नाहीत. पण दरवर्षी दसरा झाला की सायकल काढतो आणि काही दिवस गायब होतो. एकटाच. कुठं जातो ते मालकालाही ठाऊक नाही."

"फिरायला जात असेल," अक्का म्हणाली.

"सायकलवर? एकटा? दरवर्षी?"

पुढच्या खेपेला तो चहाला आला तेव्हा बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो कपबशी खाली ठेवत म्हणाला, "पनवेल, खोपोली, मग घाट चढून लोणावळा. धरणाच्या बाजूनं फिरतो आणि परत येतो. पाऊस संपलेला असतो, भात पिकलेलं असतं. बरं वाटतं."

"मग यालाही न्या की या वर्षी," बाबांनी माझ्याकडं बोट केलं. "सुट्टीत नुसता लोळत पडतो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चालेल."

तो गप्प राहिलेला क्षण बाबांनी बरोबर टिपला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. "डोळे उघडे ठेव. कुठं थांबतो, कुणाशी बोलतो, काय घेतो. आल्यावर मला सगळं सांगायचं."

आम्ही उजाडता निघालो. त्याच्या कॅरियरला एक खाकी पिशवी सुतळीनं घट्ट बांधलेली होती. "माझ्या कॅरियरला लावू का? माझा रिकामाच आहे," मी म्हणालो. "नको," एवढंच तो म्हणाला आणि पुढं झाला. मला ते खटकलं. त्याला काय म्हणून हाक मारायची हाही प्रश्नच होता. भाऊजी म्हणणं घाईचं झालं असतं, म्हणून मी 'अहो'वर भागवत होतो.

बेलापूर मागं पडल्यावर एका गावाच्या विहिरीवर आम्ही पाणी प्यायला थांबलो. शेतात भात पिवळं झालं होतं. बांधावर बसलेली एक म्हातारी आमच्याकडं डोळे बारीक करून बघत होती.

"कोन हाव तुमी? मोजनीवाले हाव काय?"

"नाही आजी, फिरायला चाललोय," तो म्हणाला.

"सायकलीवर कोन फिरायला जातं?" तिनं विचारलं. आमचं पाणी पिऊन होईपर्यंत ती तिथून हलली नाही. जमिनी नवीन शहराला गेलेल्या त्या गावांत परक्या माणसाकडं सगळे असंच बघायचे. पण सायकली हातात धरून निघताना मला वाटलं, बाबांचाच प्रश्न तिनं विचारला.

पनवेलला तळ्याच्या काठी आम्ही डबे उघडले. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "तू बस, मी जरा बाजारात जाऊन येतो." मी थोडं अंतर ठेवून मागं गेलो. त्यानं एका दुकानातून लहान मुलीचा फ्रॉक घेतला, रिबिनी घेतल्या, आणि मग बांगड्यांच्या दुकानात शिरला. हिरव्या नव्हे, साध्या काचेच्या, मोठ्या बाईच्या मापाच्या घेतल्या. मी पळत तळ्यावर परत आलो. एक बाई आणि एक मूल. आता यात शोधायचं काय राहिलं?

खोपोलीपर्यंत मी त्याच्याशी फारसं बोललो नाही. रस्त्यानं ट्रक अगदी अंगाजवळून जात होते, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. खोपोलीला तळ्याजवळ एक चहावाला होता, त्याच्याच मागच्या पडवीत तो दरवर्षी मुक्काम करायचा.

"आलात का? या वर्षी जोडीदार आणलाय," चहावाला म्हणाला. मग आवाज खाली करून, "वरची सगळी बरी आहेत. गेल्या महिन्यात पोरगी आली होती खाली, आईबरोबर औषधाला."

त्यानं डोळ्यानं खूण केली तसा चहावाला गप्प झाला. ती खूण मी पाहिली, आणि मी पाहिली हे त्यानंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घाट. सायकली ढकलतच वर जायचं होतं. एका वळणावर माझी चेन उतरली तर त्यानं रस्त्याकडेला बसून ती नीट बसवून दिली, हात गवताला पुसले आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी आधी मला दिलं. असा माणूस अक्काला फसवेल का, असं एकदा मनात आलं. पण फसवणारी माणसंच वागायला चांगली असतात, असंही लगेच मनात आलं. त्या वयात मला माणसांविषयी फार काही कळत होतं असं नाही, पण बाबांनी दिलेली कामगिरी मी मनापासून करत होतो.

लोणावळ्याला धरणाच्या पाण्याशी आम्ही पोहोचलो. काठानं सोनकीची पिवळी फुलं होती, पाण्यावर वारा होता. मी थकून गवतावर पडलो. तो पिशवी सोडवून खांद्याला लावत म्हणाला, "तू इथंच थांब. मी तासाभरात येतो."

मी थांबलो नाही. सायकल झुडपात लपवून त्याच्या मागं चालत गेलो. मोठमोठे बंद बंगले होते, मुंबईच्या लोकांचे. त्यांतल्या एकाच्या मागच्या अंगाला माळ्याची पत्र्याची खोली होती. तो तिथं पोहोचताच आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पळत येऊन त्याच्या कमरेला बिलगली. दारात एक बाई आली. मी कुंपणाच्या मेंदीआड उभा राहिलो. आता बाबांना काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो.

मग त्यानं आणि त्या बाईनं मिळून आतून एका म्हाताऱ्याला उचलून अंगणातल्या खाटेवर आणलं. म्हाताऱ्याची एक बाजू गेलेली होती, तोंड वाकडं झालं होतं. त्यानं पिशवीतून वस्तरा आणि साबण काढला, म्हाताऱ्याच्या गळ्याशी टॉवेल गुंडाळला आणि दाढी करायला बसला. हनुवटी दोन बोटांनी वर धरून, सावकाश. दाढी झाल्यावर चेहरा उघडा पडला तेव्हा मला दिसलं. हुबेहूब त्याचीच हनुवटी, त्याचाच रुंद जबडा.

"कोण हाय रं तिकडं?" बाईनं मला पाहिलं होतं.

तो वळला. चकित झाला नाही. "ये आत," म्हणाला. "मला वाटलंच होतं येशील."

बाईनं मला आत घेतलं नाही. चहा दिला तोही दारातच. "आईकडनं आलाय का ह्यो?" तिनं त्याला विचारलं. "भांडायला आला आसंल तर सांगून ठेवते, मानसाला बोलता येत न्हाई आता."

"नाही मावशी. माझ्या होणाऱ्या बायकोचा भाऊ आहे."

तरी ती पदर खोचून उभीच राहिली. आम्ही निघेपर्यंत तिची नजर माझ्यावरून हटली नाही.

परत धरणाशी आल्यावर तो बोलला. त्याचे वडील गवंडी होते. तो लहान असताना बंगल्यांच्या कामाला लोणावळ्याला आले आणि परत गेलेच नाहीत. आईला कळलं तेव्हा तिनं कुंकू पुसलं आणि गावात सांगून टाकलं की नवरा कामावर पडून मेला. घरात फोटो लावला, त्याला हार घातला. मोठा झाल्यावर त्यानं स्वतः शोध घेतला.

"मेला असं आई सांगते, म्हणून मीही तेच सांगतो," तो म्हणाला. "तिचा शब्द मोडायचा कसा?"

"पण सायकलवर का? आणि दसऱ्यानंतरच का?"

"आई दसऱ्याला गावच्या बायकांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. मग बहिणीकडं राहते. तेवढे दिवस सुट्टीत गावी का आला नाहीस, हे ती विचारत नाही. आणि एसटीत आमच्याकडचे कंडक्टर आहेत. सायकलवरच्या माणसाला कोण ओळखतंय?"

"मग मला का आणलंत? नाही म्हणायचं होतं बाबांना."

"तुला माझ्यावर नजर ठेवायला पाठवलंय हे काय मला कळलं नाही? म्हटलं, मला सांगायला जमत नाहीये, तर निदान कुणीतरी बघू दे. जे पाहिलंस ते घरी सांग. खोटं बोल असं मी म्हणणार नाही."

परतीच्या वाटेवर माझ्या मनात शंका होतीच. इतकी वर्षं हे ज्याला निभावता आलं, त्याचं आणखी काय काय झाकलेलं असेल? खोपोलीच्या चहावाल्याला मी बाजूला घेऊन विचारलं. त्यानंही तेच सांगितलं, पण तो त्याच्याच ओळखीचा माणूस होता.

घरी आल्यावर मी बाबांच्या आधी अक्काला सांगितलं. ती गॅलरीत कपडे काढत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "ती मुलगी त्यांना काय म्हणते?"

"दादा."

तिनं हातातल्या कपड्याची घडी घातली. "त्यांना रविवारी बोलाव. बाबांना त्यांनीच सांगू दे."

तो आला आणि त्यानं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज जिवंत बाप मेला म्हणून सांगितलात. उद्या काय सांगाल?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ज्याला लपवायचं असतं तो साक्षीदाराला सोबत नेत नाही, बाबा."

लग्न झालं. बाबांच्या मनातलं किल्मिष मात्र जायला वर्षं लागली. भाऊजींना कारखान्यातून यायला उशीर झाला की ते अक्काला आडून आडून विचारायचे. म्हातारा पुढं दोन पावसाळ्यांनी गेला. त्याची बायको दुसऱ्या बंगल्यावर कामाला लागली आणि मुलीला शाळेसाठी अक्कानं आपल्या घरी आणलं. शेजाऱ्यांनी विचारलं तर लांबच्या नात्यातली म्हणून सांगायचे.

मग एकदा भाऊजींची आई गावाहून राहायला आली. अक्काच्या सांगण्यावरून मी त्या दिवशी मुद्दाम तिथं गेलो होतो, कारण काय होईल याचा कुणालाच अंदाज नव्हता. मुलगी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि नव्या माणसाला बघून दाराशीच थांबली. म्हातारीनं तिला जवळ बोलावलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि बराच वेळ बघितलं. भाऊजी वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"कुठली गं तू?"

"लोणावळ्याची."

म्हातारीनं हात काढून घेतला. अक्काकडं वळून म्हणाली, "लई वाळलीय. हिला रोज दूध देत जा." आणि उठून मोरीकडं हातपाय धुवायला गेली.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, मुलीचं लग्नही तिनं पाहिलं. पण तिला काय ठाऊक होतं आणि केव्हापासून, हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. विचारायची हिंमत कुणाचीच झाली नाही.