पहिल्यांदा ‘नुरा’ कोण ओरडलं

बायकोला नाही, भावाला नाही, दोन घोट पोटात गेल्यावरही नाही — ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. गावात मला चांगला माणूस म्हणतात हो. तेच तर खुपतं.

पिंपळगाव राजाला माझं फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. आता पोट सुटलंय, पण एके काळी मी तालमीत जायचो. माझ्या जोडीला गजानन — आमचा गज्या. गज्या म्हणजे, आता कसं सांगू? मी दूध-बदाम खाऊन जे करायचो, ते तो शिळी भाकर खाऊन करायचा. रोज मला आस्मान दाखवायचा आणि वर हात देऊन उठवायचा, माझ्या पाठीवरची माती झटकायचा. हरवणाऱ्यापेक्षा उठवणाऱ्याचा राग जास्त येतो — तुम्हाला पटतं का हे? मला तरी यायचा.

आमच्या तालमीत एक शब्द शिवीपेक्षा वाईट. नुरा. नुरा कुस्ती म्हणजे आतून ठरवून केलेली, खोटी. आईवरून बोललात तर पहिलवान एक वेळ ऐकून घेईल. नुरा म्हणालात तर हात उगारेल. माझं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. सासरची माणसं सुलतानपूरहून आमच्याकडची दंगल बघायला आलेली, आणि जोड लागली माझी न् गज्याची! मी आदल्या दिवशी त्याला गाठलं. म्हटलं, बरोबरीत सोडवू, माझी इज्जत राहील. पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. तो म्हणाला, “मातीत खोटं नाही करत बे मी. दुसरं काहीबी माग.” आणि सासऱ्यासमोर त्यानं मला असा चितपट केला की लग्नात हळद लावताना मेहुणे विचारत होते — पाठीची माती निघाली का सगळी?

हे कारण म्हणून सांगत नाही. कारण कसलं डोंबलाचं? थट्टा होती, सगळे हसले, मीही हसलो. पण मनात गाठ बसली ती बसली.

पुढं गज्याचा खांदा निकामी झाला, मातीतल्या कुस्त्या सुटल्या. तो जळगावकडे कामाला गेला आणि तिथं एका रिंगवाल्या मंडळीत शिरला. टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती — चार खांब, दोर, मुखवटे, नुसता आरडाओरडा. नाटक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माणसं बघतात. गज्या त्यात दुष्ट पहिलवान व्हायचा. नाव काय, तर ‘बिब्बा’! अंगाला लागला की फोड आणणारा. काळ्या रेक्झिनचा मुखवटा, बायकोनं घरीच शिवलेला.

एका बाजाराच्या दिवशी ती मंडळी आमच्या गावी आली. गज्या सकाळीच गुपचूप माझ्या दुकानात. म्हणाला, “कोनाले सांगू नको बे. तालमीतल्यायले कळलं त तोंड दाखवता येनार नाही. तू समोर बस अन् मले शिव्या दे. तुया आवाज मोठा हाये, लोकं तापतीन.” म्हणजे बघा — सगळ्या गावात एकट्या मला सांगितलं. रिंगही दाखवली. पातळ गादी, खाली फळ्या. फळीचा आवाज मोठा येतो न् मार कमी लागतो, फक्त पडणाऱ्याला पडता आलं पाहिजे, असं समजावून सांगितलं. किती खुशीत होता!

दुपारी खेळ सुरू झाला. मी समोर बसलो, शिव्याही दिल्या. आणि खरं सांगतो, रंगला हो खेळ. समोर भुसावळकडचा एक किडकिडीत, गोरागोमटा पोरगा. बिब्बा पंचाची नजर चुकवून त्याचे केस ओढायचा, डोळ्यात बोट घातल्याचं सोंग करायचा, आणि म्हाताऱ्या बाया उठून हात नाचवत “मुडदा बशिवला तुया!” म्हणायच्या. भाजीवाल्यांनी दुकानं वाऱ्यावर सोडली. सगळा बाजार गज्याकडे बघत होता. खांदा गेलेला, चाळिशीला टेकलेला, माती सुटलेला गज्या — आणि तरी सगळे त्याच्याकडेच! माझ्याकडे जन्मात कोणी असं बघितलं होतं का?

मी ओरडलो. ठरलेली शिवी नव्हे. “नुरा!” — असा ओरडलो.

एकदाच हं. पण तालमीतली पोरं मागं बसली होती, त्यांनी शब्द उचलला. मग सगळ्या मैदानानं उचलला. “नुरा! नुरा!” पेरू आले, चपला आल्या. मी तोवर गप्प झालो होतो. माझा आवाज त्यात कुठं शोधणार? सोय बघा कशी असते.

गज्या थांबला. आपण नाटक करतोय हे त्याला काय माहीत नव्हतं? मग एका शब्दानं एवढं काय बिघडलं? बिघडलं, कारण शब्द मातीतला होता. त्यानं मुखवटा काढून फेकला. “अबे, हा त आपला गज्या!” — आणि जे हसू फुटलं ना मैदानात! तो बेभान झाला. “कोनीबी या, खरी धरतो!” तालमीतला एक तरणा गडी चढला. त्याचा दोष नाही. धोबीपछाड टाकली त्यानं, मातीत टाकतात तशी. गज्या मानेवर आपटला. फळी दणकन वाजली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो उठेना, तर म्हणतात, “किती नाटक करते बे, उठ!” एकदा नुरा म्हटल्यावर खरं कोण मानणार?

पहिला मी धावलो. हो, तेवढं केलं. टेम्पोत घातलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन खामगाव गाठलं. दवाखान्याच्या ओट्यावर त्याच्या बायकोनं, मंदावहिनीनं, विचारलं, “भाऊ, पयले कोन बोंबललं हो?” मी म्हटलं, “वडनेरचे पोट्टे होते.” अडखळलोसुद्धा नाही. कुठून आले ते वडनेरचे पोट्टे माझ्या तोंडात, देव जाणे.

जीव वाचला. डावा हात मात्र कायमचा लटकला. पण हाताचं रडगाणं तो गात नाही. ज्याला पोरं वस्ताद म्हणायची, त्याला आता ‘नुऱ्या’ म्हणतात. नुऱ्याचं वावर, नुऱ्याची गाडी, नुऱ्याची बायको. पोरांना डाव शिकवावेत म्हणून एकदा मोठ्या हौसेनं तालमीत गेला, दारातच त्या नावानं हाक आली, तसाच मागं फिरला. मातीतली एक कुस्ती जन्मात खोटी केली नाही त्यानं — माझ्यासाठीसुद्धा केली नाही! — आणि त्याच्या कपाळावर हे नाव मी चिकटवलं. माझं काय झालं म्हणता? मैत्री असावी तर अशी, म्हणतात लोक. दवाखान्यात नेलं, सुखदुःखाला उभा राहतो. ऐकतो मी ते. मान खाली घालतो, तर लोकांना तो विनय वाटतो.

पोळा झाल्यावर गज्या दुकानात आला. नोझल हवं होतं. चहा घेतला, पण उठेना. मग म्हणाला, “एक सांगू का बे? लय दिवसांचं मनात हाये. तवा मले तुयाच आवाज वाटला होता. मंदाले बी बोललो नाही. रातदिन मनातल्या मनात तुले शिव्या देल्या. तू मले उचलून नेलं, अन् मी तुयावरच शक घेतला. माफ कर, बावा.”

डोळे भरून आले होते त्याचे. चालत्या हातानं त्यानं माझा हात धरला होता. माझ्या ओठावर खरं आलं होतं का? नाही. आता कशाला खोटं बोलू? मला आधी हायसं वाटलं — सुटलो, असं वाटलं. मग मोठ्या मनाच्या माणसासारखा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे गज्या. केलं माफ.”