कोतराच्या दोन काठांनी

दोन वर्षं मी देवाशी बोलत नव्हते. माझा थोरला भाऊ, दादा, तेरा दिवस अतिदक्षता विभागात होता आणि त्या तेराही दिवसांत मी दत्तगुरूंचं नाव सोडलं नव्हतं. चौदाव्या दिवशी तो गेला. मी भांडले नाही, नवसही मोडले नाहीत. फक्त जप थांबवला. देवघरात दिवा सासूबाई लावत. मी गणित शिकवते. ज्याला उत्तर नाही तो प्रश्न फळ्यावर लिहायचाच कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि धावायला लागले. धावताना डोकं गप्प बसतं, एवढंच त्यामागचं कारण.

हळूहळू डांबरी रस्ता सोडून रानवाटांची गोडी लागली. बडोद्याच्या समा भागात आमच्याच सोसायटीत राहणारी हेतल जोडीला असे. बँकेत नोकरी करणारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी रात्रीच्या एका शर्यतीत नाव दिलं होतं. सरावासाठी एका शनिवारी संध्याकाळी बडोद्याहून निघालो, पावागढच्या पलीकडे एका गावात गाडी लावली आणि पळायला लागलो. गावाबाहेरच एक कोतर लागलं. कोतर म्हणजे पाण्याने माती कापत नेलेली खोल घळ. तेव्हा त्यात घोटाभर पाणी होतं, हसत ओलांडलं.

परत येताना अंधार आणि मुसळधार पाऊस. बुटांना शेर शेर चिखल. उतारावर हेतलचा पाय रुतला, अंग पुढे गेलं आणि ती किंचाळून खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. उभं राहता येईना. दोघींच्याही फोनला रेंज नव्हती. तिला एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसवलं, माझं जाकीट तिला घातलं.

"दीदी, तू जा," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी इथून हलत नाही. पण लवकर ये."

मी एकटी निघाले. कपाळावरच्या दिव्याचा उजेड मंद होत चालला होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की पावलागणिक कुणीतरी काही म्हणतंय. नीट ऐकलं तर तो माझाच आवाज. दत्तगुरू, दत्तगुरू. मला स्वतःचा रागच आला, आणि नवलही वाटलं. मी तर ठरवून बंद केलं होतं; मग हे सुरू कुणी केलं? ओठ मिटले, तर आत चालूच.

कोतरापाशी पोचले. दिव्याच्या उजेडात तपकिरी, गुळगुळीत पाणी दिसलं. मी मनात हिशेब केला. संध्याकाळी घोटाभर होतं, आता फार तर गुडघाभर असेल, पाच-सहा पावलांत पार. एक पाय उचललाच होता.

"ऊभी रे! पग ना मूकती!"

पलीकडच्या काठावर बॅटरीचा उजेड आणि एका बाईचा आवाज. मी जागीच थबकले. तिने एक भलं मोठं लाकूड उचलून पाण्यात फेकलं. ते एकदा गिरकलं आणि दिसेनासं झालं. मी उचललेला पाय मागे घेतला.

"उपर गरनाळुं छे," ती ओरडली. "मारी बत्ती जोती आव!"

वर कुठेतरी ओलांडायला मोरी, म्हणजे छोटा पूल होता म्हणे, आणि तिच्या बत्तीकडे बघत तिथवर जायचं होतं. तेवढ्यात माझा दिवा पार विझला.

"केटलुं दूर?" मी विचारलं.

"चालवा मांड ने, बेन!"

आणि मी चालायला लागले. ती त्या काठाने, मी या काठाने. मधे ते गर्जणारं पाणी. ती बॅटरी माझ्या वाटेवर धरी आणि स्वतः अंधारात ठेचकाळत चाले. किती अंतर, किती वेळ, काही कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी न मोजता चालले असेन.

मोरीवर भेटलो. डोक्यावर प्लास्टिकचं पोतं, लुगडं वर खोचलेलं. रमीलाबेन तिचं नाव. म्हैस दावं तोडून पळाली म्हणून शोधायला निघाली होती. तिच्या घरी गेलो, तर म्हैस आपली गोठ्यात उभी राहून रवंथ करतेय! तिच्या नवऱ्याने दोन शेजाऱ्यांना हाक मारली आणि मोरीवरून जाऊन त्यांनी हेतलला खाटेवर घालून आणलं. हाडाला चीर होती. सहा आठवडे प्लॅस्टर, पण ऑपरेशन टळलं.

महिन्याभराने मी पुन्हा त्या गावी गेले. मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. म्हैस सुटली की नेहमी तळ्याकडे जाते, आणि तळं तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, असं रमीलाबेनचा नवरा त्या रात्री बोलून गेला होता. मग त्या पावसात ही बाई कोतराकडे का आली?

रमीलाबेनने खांदे उडवले. "खबर नथी, बेन. मने थयुं, आ बाजु जोउं." ठाऊक नाही, इकडे बघावंसं वाटलं. मग हसून तिनेच मला विचारलं, असल्या पावसात, रात्री, मागे कुणी लागलेलं नसताना आम्ही पळत का होतो? मलाही सांगता आलं नाही. दोघी हसत सुटलो.

तिला कुणी पाठवलं, हे मी ठामपणे सांगणार नाही. दादा का गेला, तेही मला अजून कळलेलं नाही. पण तो प्रश्न आता मी दारं बंद करून विचारत नाही. दत्तगुरूंपुढेच बसून विचारते. पुढचं सगळं दिसलं तरच पाऊल टाकीन, हा हट्ट त्या काठावर सुटला. पुढच्या एका पावलापुरता उजेड कुणीतरी धरतं. तेवढ्यावर चालता येतं.

निघताना मी वाकले. माझ्याहून लहानच असेल ती. घाईघाईने पाय मागे घेत म्हणाली, "अरे, आ शुं करो छो! बेसो, चा पीओ." मी बसले, आणि पुढचा काहीही प्रश्न न विचारता चहा प्यायले.