दुकानाला पाणी

"दाजी, ह्यो पेटीचा आवाज हाय का भट्टीत फुटाणे फुटत्यात?"

शांताक्कानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मी ॲम्प्लिफायरपाशी उभा होतो. तिचं खरं होतं. सूर धरला की मधेच तडतड व्हायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मठात कार्यक्रम होता. माझी बायको गौरा जाऊन वर्ष झालं, त्याचा.

मुरुम गावच्या पेठेत माझं साउंडचं दुकान आहे. भोंगे होते तेव्हापासून हाच धंदा. शाळा सातवीपर्यंत, तीही नापास. गौरा बायकांच्या शिवभजन मंडळात पेटी वाजवायची. ती गेली आणि मंडळ बसलं. शांताक्का तिची मैत्रीण, थोडंफार वाजवायला तिच्याकडनंच शिकलेली. पण अक्काचा डावा खांदा धरलाय, भाता हलवता येत नाही. भात्याशिवाय पेटी म्हणजे नुसतं खोकं.

माझी लेक सुरेखा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. आई असताना एका दिवाळीत तिनं पेटीची एकेक पट्टी आईला दाबायला लावली आणि सगळे सूर लॅपटॉपमध्ये भरून घेतले. आता कीबोर्डची पट्टी दाबली की लॅपटॉप त्याच क्षणी गौराच्या पेटीचा तो सूर काढतो. भाता लागत नाही. सॉफ्टवेअर फुकटचं. कुणा एका मालकाचं नाही. जगभरातली माणसं मिळून ते करतात, आतलं सगळं उघडं असतं, ज्याला जमेल त्यानं हात घालावा. मला हे पटलं. आमचे जुने रेडिओ असेच होते. मागचं झाकण काढलं की सगळं दिसायचं.

"फुकटचं हाय म्हणूनच तडतडतंय," अक्का म्हणाली. "न्हाय जमलं तर आत्ताच सांगा. नुसत्या टाळावर म्हणू. पर मग मंडळ उद्याच मिटलं समजा. बिनपेटीच्या भजनाला बाया येईनात आता."

बिघाड शोधायची माझी एकच रीत आहे. शेवटच्या टोकापासनं मागं मागं यायचं. आधी स्पीकरला मोबाईल जोडला. गाणं स्वच्छ. वायर बदलली, जॅक बदलला. तडतड तशीच. मग सगळं बाजूला ठेवून हेडफोन थेट लॅपटॉपला लावला. तिथंही तडतड. म्हणजे माझा माल चांगला होता. दोष लॅपटॉपच्या पोटात.

"आता तू बघ बाई," मी सुरेखाला म्हणालो.

आवाज दोन तऱ्हेनं बिघडतो. एक फाटतो, एक तुटतो. व्हॉल्यूम झेपण्यापलीकडं नेला की आवाज फाटतो, लग्नातल्या भोंग्यासारखा. तिथं कमी केलं की भागतं. सुरेखानं स्क्रीनवरची पट्टी दाखवली. हिरवीच होती, लाल होत नव्हती. म्हणजे फाटत नव्हता, तुटत होता. का तुटतो, ते तिनं सांगितलं. लॅपटॉप आवाज थोडा थोडा तयार करतो. एक घागर ओतत असताना दुसरी भरत असते. दुसरी भरायला उशीर झाला की धार तुटते, आणि आपल्याला तडतड ऐकू येते. ह्या घागरीला बफर म्हणतात.

"मग मोठी घागर घे की," मी म्हणालो.

तिनं बफर वाढवला. तडतड गेली. अक्कानं पट्टी दाबली आणि वाट बघत बसली.

"म्या दाबते आज, वाजतंय उद्या. असं भजन म्हटलं तर आरतीला माणसं पांगलेली असतील."

घागर मोठी केली की भरायला वेळ लागतो. सूर बोटाच्या मागं राहतो. सुरेखानं बफर परत कमी केला. तडतड परत आली. ती कपाळाला हात लावून बसली. गौरा अशीच बसायची, भाजी करपली की.

"अप्पा, पुण्यात हाच लॅपटॉप, हेच सेटिंग. एकदासुद्धा तुटलं नाही. इथंच काय होतंय?" असं म्हणता म्हणता तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या खुणेवर गेली. "चार्जर कुणी काढला?"

"मी काढला. घूं येते म्हणून."

घूं म्हणजे विजेची गुणगुण. स्पीकरमधनं भुंग्यासारखी येते. साउंडवाला ती ऐकली की चार्जर उपटतो. हाताला सवयच असते, विचारत नाही कुणाला.

सुरेखाला हसू आलं. चार्जर काढला की लॅपटॉप बॅटरी वाचवायला लागतो, रमत गमत चालतो. मग घागर भरणार कधी? "हे वाचवणं मी बंद करू शकते," ती म्हणाली, "पण बॅटरी जुनी आहे. भजन संपायच्या आत मान टाकेल."

चार्जर लावला. तडतड गेली, घूं आली.

"एक गेली की दुसरी हजर," अक्का म्हणाली. "तुमा बापलेकीसारखंच हाय सगळं."

आता गाडी माझ्या अंगणात आली होती. माझ्या दुकानात घूं कधीच नसायची. पेठेतले दुसरे साउंडवाले मशीन तपासायला माझ्याकडं आणायचे, इथली अर्थिंग चांगली म्हणून. मी टेस्ट लॅम्प काढला. होल्डरात एक बल्ब आणि दोन वायरी, बाकी काही नाही. एक वायर फेजला, एक अर्थिंगला. अर्थिंग चांगली असेल तर बल्ब लख्ख लागतो. माझा बल्ब विडीच्या टोकाएवढा लाल झाला.

दुकानामागं गेलो. दुकान काढलं तेव्हा तिथं मीच खड्डा केला होता. खाली कोळसा, मीठ, त्यात लोखंडी पाइप. ह्या खड्ड्याला ओल लागते. माती सुकली की वीज जमिनीत उतरत नाही, मग वायरींमधनं वाट काढते आणि स्पीकरमध्ये घूं करते. तिथं अळूची पानं दाटीनं असायची. आता वाळके देठ उरले होते आणि भेगा पडल्या होत्या. भेगेत माझं बोट गेलं.

अक्का दारात येऊन उभी राहिली. भेगांकडं बघून म्हणाली, "गौरा आमच्याकडं मुक्कामाला आली की भल्या पहाटे उठून बसायची. म्हणायची, जाते बाई, दुकानाला पाणी घालायचंय. आमी हसायचो. दुकानाला कुठं पाणी घालत्यात व्हय?"

दुकान काढलं तेव्हा मी गौराला एकदाच सांगितलं होतं, हा खड्डा सुकू देऊ नको. नंतर मी ते विसरून गेलो. ती अळूला पाणी घालते असं मला वाटायचं. सारखं काय अळू करतेस, म्हणून मी कुरकुर करायचो. तिनंही कधी सांगितलं नाही.

मी बादल्या आणून ओतल्या. पहिल्या पाण्याला जमीन बुडबुड करत होती, तहानलेलं जनावर पितं तशी. सुरेखा घरातनं मीठ घेऊन आली. ते तिनं पाण्याबरोबर खड्ड्यात सोडलं.

चहा झाल्यावर परत लॅम्प लावला. बल्ब लख्ख. चार्जर लावला, ॲम्प्लिफायर चालू केला. काही ऐकू आलं नाही. आमच्या धंद्यात हेच ऐकायचं असतं. अक्का वाजवायला बसली. सूर सलग आले, बोटाबरोबर. मग काळी दोनवर बोट पडलं आणि आवाज जरा खरखरला. अक्का थांबली.

"परत तुटलं का?"

"न्हाय अक्का. पेटीतली ती पट्टी पहिल्यापासनं अशीच. गौरा म्हणायची, तिला सर्दी झालीय."

"आठवतंय," अक्का म्हणाली, आणि तीच पट्टी परत दाबली.

मठ दुकानाच्या शेजारीच, तिथं वीज दुकानातनंच ओढली. कार्यक्रम चांगला झाला. येत नव्हत्या त्या बायाही आल्या. पुढच्या सोमवारी भजन कुणाच्या घरी, ह्यावरनं मठाच्या पायरीवरच दोन बायांचं वाजलं, तेव्हा मंडळ टिकलं हे मला कळलं.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगतो. आवाज फाटला तर व्हॉल्यूम बघा. तुटला तर बफर बघा, आणि चार्जर लावलाय का तेही बघा. घूं आली तर चार्जर उपटू नका, अर्थिंगला पाणी घाला. मी आता सकाळी उठून आधी तेच करतो. अळू अजून फुटलेलं नाही.