उलाळ ट्रेलर

अर्डिसचा नवरा व्हर्लिन गेला तो मक्याची कापणी ऐन भरात असताना. त्याचा दांडगा पिकअप ट्रक वर्षभर गोठ्याशेजारी उभा होता, अन् बाजूला दोघांचा सुट्टीत राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरची एक खोली. ट्रकात चढायचं म्हणजे अर्डिसला घोड्यावर मांड टाकायचीच गत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर पाय तेवढा वर जाईचना. तिनं ट्रक काढून टाकला.

दर सप्टेंबरात शाळा सुरू होऊन गर्दी ओसरली की दोघं ट्रेलर घेऊन पश्चिमेच्या टेकड्यांत, तळ्याकाठी जाऊन राहायची. यंदा एकटीनं जायचं, असं तिनं ठरवलं. नाहीच जमलं तर ट्रेलर धाकट्या दिराला, ऑर्व्हिलला, द्यायचा. तो शिकारीला न्यायला टपलेलाच होता. अन् एकदा ट्रेलर गेला की नेब्रास्काच्या त्या सपाटीवर घर, वारा आणि अर्डिस, एवढंच उरणार होतं.

तिनं चार सिलिंडरची एक बुटकी गाडी घेतली. दार उघडलं की खुर्चीत बसल्यागत बसता येई. ऑर्व्हिलनं येऊन बॉनेट वर केलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"इंजिन कुठाय?"

"डोळ्यापुढंच हाय की."

"हे व्हय? मला वाटलं, शिवणयंत्र ठेवलंयस."

"तुझ्या पँटी शिवायला न्हाई घेतली."

"अगं अर्डिस, चढ लागला की जीभ बाहेर काढंल ही. आठ सिलिंडरचा ट्रक घे. माझ्या माहितीत एक हाय."

"तुझ्या माहितीत कायमच एक असतो. चढताना शिडी कोण धरणार? तू?"

ऑर्व्हिलनं बॉनेट आपटलं. "मग ट्रेलर तरी मला दे."

"ही किती वजन ओढंल ते विचारूनच घेतलीय. ट्रेलर तेवढ्यात बसवते. बसला न्हाई तर तुझा."

त्या गावात वजन करायचं ते धान्याच्या कोठारावरच्या काट्यावर. अर्डिस ट्रेलर जोडून मक्याच्या ट्रकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. नंबर आला तसा काट्यावरचा लॉइल खिडकीतून वाकून बघायला लागला.

"यंदा पीक लई बारीक दिसतंय तुमचं."

"वजन सांग."

"जड भरतंय. आत काय लोखंड कोंबलंय का?"

"व्हर्लिन," ती म्हणाली.

लॉइलनं टोपी काढली, पुन्हा घातली, अन् मागच्या ट्रकाला पुढं बोलावलं.

ट्रेलरचं नाक व्हर्लिनचं, शेपूट अर्डिसचं, अशी त्यांची वाटणी होती. तो घोरायचा, म्हणून त्याचा पलंग पुढं, तिचा मागं. त्याच्या पलंगाखाली जॅक, साखळ्या, हत्यारांच्या पेट्या, जादा बॅटरी. तिनं एकेक जिन्नस खेचून गोठ्यात नेऊन टाकला. शेवटी त्याची गादीही काढली. खाली उघडी फळी राहिली. स्वतःच्या बाजूची बिडाची भांडी, घेवड्याचे डबे, पाण्याची टाकी यातलं काही हललं नाही. दुसऱ्या खेपेला लॉइल नुसता म्हणाला, "बसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. चढ गाडीनं गुरगुरत का होईना, काढले. उतारावर मात्र गुरांचा एक ट्रक शेजारून सुसाटत गेला आणि ट्रेलरचं शेपूट हलायला लागलं. आधी थोडं, मग कुत्र्यानं शेपूट नाही, शेपटानं कुत्रं हलवावं तसं. व्हर्लिनच्या ट्रकानं हा झटका गिळला असता. ही गाडी हलकी, तीही झोके खायला लागली. अर्डिसनं पायाखालचा ब्रेक दाबला नाही, मागून ट्रेलर आणखी अंगावर आला असता. गुडघ्याजवळ ट्रेलरच्या एकट्याच्या ब्रेकचा खटका होता, तो तिनं हळूहळू आवळत आणला. सगळं सरळ झालं तशी तिनं गाडी कडेला घेतली.

खाली उतरून बघते तर ट्रेलरचं नाक आभाळाकडं, बूड रस्त्याकडं. मागं ओझं जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते, तसा ट्रेलर उलाळ झाला होता. काट्यानं वजन किती ते सांगितलं, कुठं ते सांगितलं नव्हतं. अन् तिनं तर सगळं नाकातलंच काढलं होतं.

ऑर्व्हिलला फोन केला असता तर तो तासाभरात ट्रक घेऊन आला असता. आणि ट्रेलर घेऊन गेला असता. फोन तिनं सीटवर टाकला. टाकीचं पाणी गवतात सोडून दिलं. मग डबे, भांडी, पिठाची पिशवी असं एकेक उचलून ती व्हर्लिनच्या फळीवर मांडत गेली. खुबा ठणकत होता. एक पिकअप थांबल्यागत झाला. तिनं हातानंच जा म्हणून सांगितलं. नाक खाली आलं तेव्हा कुठं ती पुन्हा गाडीत बसली.

तळ्यावर पोचली तेव्हा ऊन कललं होतं. पुढच्या फळीवरून एक डबा काढून तिनं ताटलीत उपडा केला, गरम न करताच खाल्ला. बाकीचे डबे तिथंच राहू दिले. परतताना पुढं तेवढं वजन लागणारच होतं. मग मागच्या पलंगावर, आपल्या जागेवर, जाऊन पडली. पुढनं कुणी घोरत नव्हतं. तिनं कूस बदलली, अन् नुसतीच पडून राहिली.