घटसर्पाचा जंतू आणि गोदामाची चावी

राहनाळ गावात घटसर्पाचा एक रुग्ण सापडला. लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी माहिती सांगायला मला बोलावलं, कारण मी भिवंडीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. शाल, नारळ, 'जंतुविश्वाचे महामेरू' अशी ओळख, आणि ओळख करून देणाऱ्याचं स्वतःबद्दल पाऊण तास भाषण. मला दहा मिनिटं उरली. लस घ्या, एवढं सांगून खाली बसायला हवं होतं. पण खांद्यावर शाल पडली की माणसाला खोलात जावंसं वाटतं.

मी सांगितलं, हा जंतू सदासर्वकाळ विष करत नाही. विषाचा जनुक त्याच्याकडे असतो, तोही एका विषाणूने आणून ठेवलेला. पण त्या जनुकाला ब्रेक असतो. जंतूला पुरेसं लोखंड मिळतंय तोवर ब्रेक घट्ट. लोखंड आटलं की ब्रेक सुटतो आणि विष तयार होऊ लागतं. टाळ्या पडल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी शिबिर माझ्या मावशीच्या गोदामात होतं. नर्सबाई लसीचा डबा घेऊन बंद शटरपाशी उभ्या. चावी मावशीच्या पाच वर्षांच्या नातीच्या गळ्यात, आखूड काळ्या दोऱ्यात, गाठ मारून.

"मावशी, चावी काढ."

"न्हाय निघायची. लोखंड हाय. तूच बोल्लास काल."

"अगं, ते शरीराच्या आतलं लोखंड."

"बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवा, असं माझी आय सांगायची. तिला कोनी शाल न्हाय घातली."

शटरचं कुलूप जमिनीलगत. शेवटी नातीला पोत्यावर पालथं निजवलं आणि चावी तिच्यासकट कुलपाला लावली. पोरगी खूश. म्हणाली, परत करू या.

शटर उघडताच मावशीने तिला कडेवर घेतलं. "हिला सुई नको. हिचं झालं." रांगेतल्या बायका आपापल्या पोरांच्या कमरेला बांधलेले खिळे चाचपू लागल्या. सापडलेला तो रुग्ण म्हणजे दोन घरं पलीकडची मुलगी; ती इस्पितळात श्वासासाठी झगडत होती. आदल्या आठवड्यात ती याच नातीबरोबर खेळत होती.

मी म्हणालो, "ब्रेक सुटो, न सुटो, लस घेतलेलं शरीर ते विष निकामी करतं."

"मंग कालचं खोटं व्हतं?"

"खरं होतं."

"मंग?"

मी परत ब्रेकपासून सुरुवात केली.

नर्सबाई सुईचं पाकीट फाडत म्हणाल्या, "आजी, ही सुई कशाची?"

"कशाची?"

"पोलादाची."

मावशीने सुई उजेडात धरायला लावली. "म्हंजे लोखंडच. पार आत जातं?"

"पार आत."

"मंग हे आधी सांगाचं ना!" नातीचा दंड पुढे आला.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. नर्सबाई वर न बघता म्हणाल्या, "सर, तुम्ही रांग बघा."

मी रांग बघितली. एका बाईने हळूच विचारलं, "सर, सुई आतच ठेवतात का?"

"बाईंना विचारा," मी म्हणालो.