रुमालाखालचा आकडा

ग्रंथ हे माणसाचे सर्वांत निष्ठावान मित्र. संकटात ते कधीही साथ सोडत नाहीत. हे वाक्य मी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या समारंभांत अनेकदा म्हटलं आहे आणि दर वेळी टाळ्या मिळाल्या आहेत. गेल्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. त्यानंतर महिन्याभरात सगळ्या ग्रंथांनी माझी साथ सोडली.

पुस्तक उघडलं की डोळे ओळीवरून चालत जायचे आणि ओळ संपली की हाती काही लागायचं नाही. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तेच. मी राज्यशास्त्र शिकवते. जुन्या टाचणांवर वर्ग चालू होते आणि कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. यावरून राज्यशास्त्राबद्दल काय समजायचं ते समजा. पण मला वाचण्याखेरीज दुसरं व्यसन नाही. ते गेलं तर उरलेल्या सगळ्या संध्याकाळी काय करायचं, या विचाराने मला भीती वाटायची.

नगरला सावेडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर पाटी लागली : ‘समग्र, सर्वसमावेशक, वैयक्तिक मनोपचार. प्रौढांच्या भावनिक स्वास्थ्यासाठी.’ इतकी विशेषणं एका जागी मी फक्त जाहीरनाम्यांत पाहिली होती. शिवाय सर्वसमावेशक, आणि इमारतीला लिफ्ट नाही.

“जाऊन तर ये,” नवरा म्हणाला. “चेष्टा करायला सामान तरी मिळेल.”

त्या सामानासाठीच मी जिना चढले. समुपदेशक तिशीची होती, केसांत पेन्सिल खोवलेली. मी आधी पाटीबद्दलच विचारलं.

“ती माझ्या दिरांनी केली,” ती म्हणाली. “त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी नुसतं ‘समुपदेशन’ लिहा म्हटलं होतं. ते म्हणाले, वहिनी, पाटी रिकामी दिसते.”

मग तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं. समग्र म्हणजे ती झोप, जेवण, गुडघे, देव, सासर सगळ्याची चौकशी करते. सर्वसमावेशक म्हणजे कोणीही यावं, जमेल तसं बोलावं, नाही बोललं तरी चालेल.

तासाभरात चेष्टेचं सामान काही मिळालं नाही. उलट मी पुढच्या बुधवारची वाट पाहायला लागले. समोर बसलेलं माणूस हजेरीसाठी बसलेलं नाही, हा अनुभव प्राध्यापकाला क्वचित येतो. मी साडीला इस्त्री करू लागले. वेळेच्या आधी जाऊन जिन्यात उभी राहू लागले. “नाटकाला चाललीस का?” नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, “त्याहून बरं आहे. इथे मलाच बोलायला मिळतं.”

फक्त एक अडचण होती. दर वेळी सुरुवातीला ती विचारायची, “शून्य म्हणजे मनावर काहीच ओझं नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आज किती?”

मी म्हणायची, “दोन.”

मग आम्ही बोलायचो. मी अण्णांचे किस्से सांगायची, कॉलेजातल्या समित्यांचे सांगायची, ती मनापासून हसायची. वाचता येत नाही हेही सांगितलं होतं, पण चष्म्याचा नंबर बदलल्याच्या सुरात. चौथ्या भेटीत ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “मॅडम, कायमच दोन असेल तर खरं म्हणजे तुम्हाला माझी गरज नाही. उगाच ओढण्यात अर्थ नाही. पुढच्या बुधवारी आपण शेवटचं बसू.”

“बरोबर आहे,” मी म्हणाले आणि जिना उतरले. शेवटच्या पायरीवर लक्षात आलं की मला बाहेर काढलं गेलं आहे, आणि तेही माझ्याच उत्तराने. माझे डोळे भरून आले. दोनवर असलेल्या माणसाचे डोळे जिन्यात भरून येत नाहीत.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो घोडेगावला असतो. अण्णा तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल होते, आता तो आहे. त्याला मी सगळं सांगितलं.

“किती सांगितला म्हनालीस?”

“दोन.”

“आन् खरा किती?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“येडी का खुळी ती बाई, ताई? उघड्यावर खरा आकडा कुनी सांगतं व्हय? अण्णांची लेक शोभतीस बघ.”

“ती काय म्हैस विकत घेणार आहे का?”

“ते तुला ठाव. मला दोन म्हनली असतीस तर ते खरं धरून मी तुझी दावन बी सोडली नसती.”

मी फोन ठेवून खुर्चीत बसले आणि मला एकाएकी इतका आनंद झाला की कोणाला सांगू नि कोणाला नको असं झालं. ज्यांनी असा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जनावराचा भाव तोंडाने बोलायचा नसतो. चारचौघांत जो आकडा मोठ्याने बोलला जातो तो ऐकणाऱ्यांसाठी असतो. तो खरा कोणी धरत नाही. खरा सौदा रुमालाखाली होतो. दोघं हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच, पंजा सोडून पुन्हा बोटं धरली तर त्याच्या वर. चेहरा मात्र पाऊस कधी येणार याची चर्चा करत असल्यासारखा. जेवण झालं की अण्णा माझ्याशी हा खेळ खेळायचे. आमच्या घरात दुखणं, सुख, परीक्षेचे गुण, सगळ्याचेच बोललेले आकडे कमी असत. इतक्या राजकीय विचारसरण्या शिकवून मी त्याच घरातली राहिले होते.

भावाला परत फोन लावला. “बुधवारी नगरला येताना एक रुमाल घेऊन ये.”

“तिकडं रुमाल मिळत न्हाईत?”

“बाजारातला पाहिजे.”

तो आला, टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा केला आणि मला पिशवी दिली. आत अण्णांचा रुमाल होता. मी तो नाकाशी नेला. वास साबण-पावडरचा होता.

“धुतला?”

“मग? डाक्टरीनबाईकडं मळका नेतीस?”

मी एका दमात जिना चढले. गुडघ्याची तक्रार आठवली ती वर गेल्यावर. समुपदेशिकेला बसूही न देता मी सगळी पद्धत समजावली. तिने दोनदा करून पाहिली, तिसऱ्यांदा चुकली, हसली आणि मग खुर्ची जवळ ओढून हात पुढे केला. मी वरून रुमाल टाकला.

“आज किती?” तिने विचारलं.

मी तिचा पंजा धरला. सोडला. मग चार बोटं धरली आणि ती सोडवेनात.

तिचे ओठ हलले. “बोलायचं नसतं,” मी म्हणाले. तिने मान हलवली. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला. तिने हात काढून घेतला नाही. तसाच ठेवून म्हणाली, “वाचायला बसता तेव्हा काय होतं?”

रुमालावर नजर ठेवून सांगणं फारच सोपं होतं. अण्णांना अक्षरओळख बेताची होती. रोज सकाळी ते फोन करायचे आणि मी काल वाचलेलं त्यांना सांगायची. कोणत्या देशात सरकार पडलं, कोणत्या राजाला भावाने कैद केलं. “थोडक्यात सांग, म्हशी खोळंबल्यात,” असं म्हणून ते अर्धा तास ऐकायचे आणि मी थांबले की विचारायचे, “आनि मंग?” इतकी वर्षं मी वाचत होते ती त्या सकाळच्या फोनासाठी. आता ओळ संपली की पुढे विचारणारं कोणी नव्हतं. हे मला ते बोलून झाल्यावर कळलं. मग मी बराच वेळ रडले आणि रुमाल आणल्याचा आणखी एक उपयोग झाला.

“शेवटचं बसणं रद्द,” ती म्हणाली. “हा आकडा खाली आणायला वेळ लागेल.”

“घासाघीस करावी लागेल,” मी म्हणाले.

“करू. तोवर कोणाला तरी काहीतरी वाचून दाखवा. काहीही.”

मी जवळजवळ पळतच खाली आले. भाऊ टेम्पोत थांबलाच होता. त्याला घरी नेलं, खुर्चीत बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरात जे छापील पहिलं हाताला लागलं ते घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये न अडखळता. एकही ओळ पुन्हा वाचावी लागली नाही. नवरा दारात येऊन उभा राहिला. भाऊ बशीतला चहा फुंकत ऐकत होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्याने मान वर केली.

“आनि मंग?”

मग मी पुढचं वाचलं. कुकरचं झाकण बसवण्यापूर्वी शिट्टीचं भोक मोकळं आहे याची खात्री करावी आणि रबरी कडं दर वर्षी बदलावं.